नाकावर भरोसा नको: केमिकल प्लांटमध्ये नव्याने लागणाऱ्यांसाठी

बीएस्सी किंवा डिप्लोमा करून लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभ अशा एखाद्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हेल्मेट, गॉगल, आम्लात पाणी ओतायचं नाही वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या दिवशी इंडक्शन म्हणून व्हिडिओ दाखवतील आणि रजिस्टरवर सही घेतील. ती सही बहुतेक ठिकाणी कामगारापेक्षा कंपनीलाच जास्त वाचवते, हे माझं स्पष्ट मत.

माझा सगळा भर हायड्रोजन सल्फाइडवर आहे, कारण मी त्यातच सापडलो होतो. आमच्याकडे हा गॅस कुठल्याच ड्रममध्ये नव्हता, त्यामुळे स्टोअरमध्ये त्याचं लेबलही नव्हतं. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, सम्पमध्ये (पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यात) एका लाइनने सोडियम सल्फाइडचं पाणी यायचं, दुसरीने आम्लाचं. दोन्ही एकत्र आले की गॅस तयार. गाळ साचून कुजला तरी तयार होतो. सॅम्पल घ्यायला वाकलो तेव्हा सडक्या अंड्यांचा वास आला आणि थोड्या वेळाने गेला. वारं सुटलं असेल, असं वाटलं. डोळे चुरचुरत होते, तिकडे लक्षच नव्हतं. ईटीपीवरच्या कंत्राटी हेल्परने दंडाला धरून मागे ओढलं आणि वारा येत होता त्या बाजूला नेऊन बसवलं. डोकं बराच वेळ ठणकलं, बाकी निभावलं.

वास गेला, याचे दोन अर्थ होतात. एक तर गॅस गेला, नाहीतर नाक गेलं. अगदी 1 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आतही हा वास कळतो. पण प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास पोचलं की नाक बधिर होतं. कमी प्रमाणात बराच वेळ उभं राहिलात तरी वास जाणवेनासा होतो. 500 ते 700 पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो, 1000 च्या वर एक-दोन श्वासही पुरतात. म्हणजे धोका वाढतो नेमका तेव्हाच वास थांबतो. गॅस आहे की गेला, हे फक्त गॅस मोजणारा मीटर सांगू शकतो. त्यातही हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून ‘झिरो आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी रीडिंग हवं. ऑक्सिजनही बघा, 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. कार्ट्रिजचा मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही.

झाकण उघडून वासावरून सॉल्व्हंट ओळखणारे सीनियर प्रत्येक प्लांटमध्ये असतात. माणसं प्रेमळ असतात, त्यांच्याकडून पंपाचा आवाज ओळखायला शिका. नाकाची विद्या तेवढी घेऊ नका.

एसडीएसचे, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचे, 16 भाग असतात. लोक दुसरा आणि आठवा चाळतात. मी दहावा आधी वाचायला सांगेन, कारण कशाची गाठ कशाशी पडू द्यायची नाही ते तिथे असतं. सोडियम सल्फाइडच्या शीटमध्ये आम्लाबद्दलचा इशारा असतो. मग नववा, वाफ जड की हलकी ते बघायला. व्हॉट्सॲपवर फिरणारा एकपानी सारांश मात्र डिलीट करा.

टाकीत कोणी पडलेला दिसला तर आत उतरू नका. ऐकायला निर्दय वाटतं, पण अशा अपघातांत दुसरा-तिसरा मृत्यू पुष्कळदा वाचवायला उतरलेल्याचाच असतो. अलार्म द्या, ब्रीदिंग सेटवाल्यांना (पाठीवर हवेचा सिलिंडर असतो त्यांना) बोलवा.

एवढं वाचून नोकरी सोडायचा विचार करू नका. बहुतेक शिफ्ट कंटाळवाण्या जातात, आणि जाव्यातच. विचारायला लाजू नका. भोपाळनंतर 1987 साली कारखाना कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला दिला होता. व्यवहारात मात्र परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हातात असताना ‘मीटर कुठंय?’ एवढं विचारलं तरी भागतं. ‘कॅलिब्रेशनला गेलाय’ असं उत्तर आलं तर सही करू नका. नवा आहेस म्हणून शिव्या खाव्या लागतील, त्या खा. पुढच्या शिफ्टपर्यंत मीटर बहुधा येतो.