गाजलेला जॅझ-रॉक अल्बम रंगमंचावर सलग ऐकायला जाताना : कोल्हापूरच्या रसिकाने तयारी कशी करावी

एखादा जुना, मुरलेला जॅझ-रॉक (म्हणजे जॅझ आणि रॉक यांचा मेळ घालणारे संगीत वाजवणारा) बँड आपला गाजलेला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मूळ क्रमाने वाजवणार असे जाहीर करतो, तेव्हा तो कार्यक्रम इतर कार्यक्रमांपेक्षा वेगळ्या तयारीने ऐकावा लागतो. एरवी पुढे कोणते गाणे येणार याची उत्सुकता असते; येथे सारा क्रम आधीच ठाऊक असतो आणि म्हणून श्रोत्याचे संपूर्ण लक्ष ते गाणे आज कसे वाजते याकडे वळू शकते. हे लक्ष मोकळे राहावे यासाठी काय करावे ते येथे क्रमाने मांडले आहे. उदाहरण म्हणून मी मुख्यतः एकच अल्बम घेतो : स्टीली डॅन या अमेरिकन बँडचा 1977 मधील ‘एजा’. या बँडने 1974 मध्येच दौरे थांबवले होते आणि ते थेट 1993 मध्ये पुन्हा सुरू केले, त्यामुळे हा अल्बम निघाला त्या वर्षी तो रंगमंचावर आलाच नाही. 2009 च्या दौऱ्यात मात्र काही शहरांत तो सबंध वाजवला गेला.

पहिले काम अल्बम पाठ करण्याचे आहे, आणि त्यासाठी किमान तीन आठवडे हाताशी ठेवावेत. ‘एजा’त सातच गाणी आहेत आणि ती सुमारे 40 मिनिटांत संपतात, तेव्हा रोज एकदा सलग ऐकणे कोणालाही जमण्यासारखे आहे. फोनच्या स्पीकरवर ऐकू नये, कारण बेस गिटारचे खालचे स्वर त्यातून जवळजवळ येतच नाहीत आणि या संगीताचा निम्मा डोलारा बेसवर उभा असतो. साधे पण बरे हेडफोन किंवा घरातले जुने मोठे स्पीकर पुरेसे आहेत. क्रम बदलून वाजवण्याची सोय बंद ठेवावी. हा अल्बम एलपीच्या काळातला आहे : पहिल्या बाजूला ‘ब्लॅक काऊ’, ‘एजा’ आणि ‘डीकन ब्लूज’ ही तीन लांब गाणी, तर दुसऱ्या बाजूला ‘पेग’, ‘होम ॲट लास्ट’, ‘आय गॉट द न्यूज’ आणि ‘जोसी’ ही चार तुलनेने आटोपशीर गाणी. तबकडी उलटण्यासाठी श्रोता उठे तो अवकाश रचनेतच गृहीत धरलेला होता. रंगमंचावर तो अवकाश बँड कसा भरतो, थेट पुढे जातो की थोडे बोलतो, हे मुद्दाम पाहावे.

दुसरे काम वादकांची यादी वाचण्याचे. बहुतेक लोक हे टाळतात, पण माझ्या मते सर्वांत अधिक फळ याच कामातून मिळते. बँडचे दोन सूत्रधार, गिटारवादक वॉल्टर बेकर आणि गायक डोनाल्ड फेगन, या दोघांनी हा अल्बम ठरावीक वादकांच्या संचावर बसवला नव्हता. प्रत्येक गाण्यासाठी त्यांनी त्या गाण्याला शोभेल असा वादक बोलावला. सात गाण्यांसाठी सहा वेगवेगळे ड्रमवादक वाजले आहेत. ‘एजा’ या शीर्षकगीतात स्टीव्ह गॅड आहे, ‘पेग’मध्ये रिक मरोटा, ‘जोसी’त जिम केल्टनर, आणि ‘डीकन ब्लूज’ व ‘होम ॲट लास्ट’ या दोन्हींत बर्नार्ड पर्डी. ‘पेग’मधल्या छोट्याशा गिटार सोलोसाठी (म्हणजे एकाच वादकाला पुढे आणणाऱ्या तुकड्यासाठी) एकामागून एक वादकांना बोलावून त्यांचे वादन नाकारले गेले आणि शेवटी जे ग्रेडनचे वादन स्वीकारले गेले. आता रंगमंचावरचा प्रश्न उभा राहतो : दौऱ्यावर ड्रमवादक एकच असतो. त्या एकाला एका संध्याकाळी सहा जणांचे हात वाजवायचे असतात, आणि तरीही तो स्वतः कोण आहे हे ऐकू यावे लागते. गेली अनेक वर्षे स्टीली डॅनसाठी हे काम कीथ कार्लॉक करत आले आहेत. आपण ऐकायला जात असलेल्या बँडची अशीच यादी काढावी, मूळ वादकांपैकी आज कोण आहे आणि कोणाची जागा कोणी घेतली आहे ते कागदावर लिहून काढावे. बेकर 2017 मध्ये वारले. त्यांच्या गिटारची जागा भरून निघाली आहे की नुसती झाकली आहे, हे ज्याला आधी ठाऊक आहे त्यालाच कळेल.

तिसरे काम मात्रा मोजण्याचे, आणि येथे कोल्हापूरच्या श्रोत्याची बाजू भक्कम आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, जयपूर-अत्रौली गायकी या शहरात रुजली, आणि देवल क्लबसारख्या जुन्या संस्थेमुळे समेवर मान हलवण्याची सवय इथल्या कितीतरी घरांत आहे. तीच सवय येथे वापरावी. ‘होम ॲट लास्ट’ लावून चार-चार मात्रा हाताने मोजाव्यात. प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात. पहिला व तिसरा भाग हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) येतो, मधला स्नेअरवर (ड्रमसंचातल्या करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमवर) अगदी हलक्या हाताने, आणि मोठा ठोका चारपैकी तिसऱ्या मात्रेवर पडतो. ही पर्डीची ओळखीची चाल आहे. ज्यांना अधिक अवघड हिशेब हवा असेल त्यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा 1973 चा ‘बर्ड्स ऑफ फायर’ घ्यावा. त्याचे शीर्षकगीत अठरा मात्रांच्या आवर्तनात फिरते.

एक सावधगिरी मात्र सांगणे आवश्यक वाटते. बंदिश ठरलेली आणि विस्तार मोकळा, या आपल्या सवयीच्या विभागणीने हे संगीत पूर्ण उलगडत नाही. यात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन यांचे तुकडे बहुधा लिहिलेले असतात, सोलोची जागा आवर्तने मोजून दिलेली असते, आणि सोलो चालू असताना खालचे कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह) सतत बदलत असतात. निवांत आलापाची वाट पाहणाऱ्याच्या हातून अर्ध्या मिनिटाचा सोलो निसटून जातो.

तिकीट काढताना रंगमंचाच्या अगदी जवळची जागा घेण्याचा मोह टाळावा. पुढच्या रांगांत ड्रम आणि गिटारचे ॲम्प्लिफायर थेट कानावर येतात व गायकाचा आवाज मागे पडतो. सभागृहात जेथून ध्वनीचे नियंत्रण केले जाते त्या टेबलाच्या आसपासची जागा सर्वांत समतोल असते, कारण तेथे बसलेला माणूस स्वतः जे ऐकतो त्यावरच साऱ्यांचा आवाज ठरवतो.

प्रवासाचा विचार तिकिटाबरोबरच करावा, कारण असे कार्यक्रम बहुधा मुंबईत किंवा पुण्यात होतात. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचवते, म्हणजे कार्यक्रमापूर्वी विश्रांतीला दिवस मिळतो. कोयना एक्सप्रेस दिवसभर धावून संध्याकाळ उलटल्यावर पोहोचते, तेव्हा त्याच दिवशीच्या कार्यक्रमासाठी ती उपयोगाची नाही. परतीची महालक्ष्मी कार्यक्रम रंगात असतानाच सुटलेली असते, म्हणून रात्रीची बस किंवा मुक्काम यांपैकी एक आधीच ठरवून ठेवावे. पुण्याला रस्त्याने जायचे असेल तर महामार्गावरच्या कामांसाठी दोन तास अधिक धरावेत. उशीर येथे फार महाग पडतो. उघड्यावरच्या कार्यक्रमांना ध्वनिक्षेपकासाठी साधारणपणे रात्री दहाची मर्यादा असते, त्यामुळे ते वेळेवर सुरू होतात, आणि वीस मिनिटे उशिरा पोहोचलेल्याची अल्बमची पहिली बाजू जवळजवळ संपलेली असते.

कानांची काळजी घ्यावी. 100 डेसिबलच्या आवाजात सुरक्षितपणे राहण्याची शिफारस जेमतेम पंधरा मिनिटांची आहे, आणि विद्युत वाद्यांचा कार्यक्रम ही पातळी सहज गाठतो. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कान वाचवतात, पण वरचे स्वर अधिक दाबतात, त्यामुळे झांजांचा सारा नाजूकपणा हरवतो. संगीतकारांसाठी बनवलेले, सर्व स्वर जवळजवळ सारख्याच प्रमाणात कमी करणारे इअरप्लग मागवून घ्यावेत. आई-वडिलांना बरोबर नेणार असाल तर त्यांच्यासाठीही न विसरता घ्यावेत.

प्रत्यक्ष कार्यक्रमात तीन गोष्टींकडे कान ठेवावा. पहिली पट्टी. डोनाल्ड फेगन यांचा जन्म 1948 चा. पन्नास वर्षांपूर्वीच्या पट्टीत आजही गावे अशी अपेक्षा कोणत्याही गायकाकडून धरू नये. पट्टी उतरवली असेल किंवा वरच्या जागा साथीच्या गायिकांकडे दिल्या असतील, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नाट्यसंगीत ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट शेवट. ध्वनिमुद्रणात यांतील कित्येक गाणी हळूहळू विरत जातात, रंगमंचावर तसे करता येत नाही, म्हणून प्रत्येक गाण्यासाठी नवा शेवट बांधावा लागतो. ‘एजा’ या गाण्याच्या अखेरीस गॅडचे ड्रम वाजत वाजत विरतात. रंगमंचावर हीच जागा ड्रमवादकासाठी मोकळी होते, आणि बँडची आजची ताकद तेथे सर्वांत स्पष्ट कळते. तिसरी गोष्ट सोलो. त्याच गाण्यात वेन शॉर्टर यांचा टेनर सॅक्सोफोन आहे. आजचा वादक तो स्वरनस्वर पुन्हा वाजवतो की स्वतःचे काही मांडतो, हे पाहावे. मला स्वतःला दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, परंतु ‘पेग’मधल्या ग्रेडनच्या सोलोसारख्या काही जागा गाण्याच्या चालीचाच भाग झालेल्या आहेत आणि तेथे बदल केला तर गाणेच तुटते.

सोलो संपला की मध्येच टाळ्या देण्याची जॅझमध्ये रीत आहे, तेव्हा संकोच करू नये. गाणे चालू असताना फोन उंच धरून चित्रण करू नये. मागच्याने हे ऐकण्यासाठी शंभर-दोनशे कोसांवरून प्रवास केलेला असू शकतो. अल्बम 40 मिनिटांत संपल्यावर उरलेल्या वेळात बँड इतर प्रसिद्ध गाणी वाजवतो, आणि तो भाग निश्चिंत मनाने ऐकावा.

परतल्यावर दोन-तीन दिवसांत मूळ अल्बम एकदा सलग लावावा व कार्यक्रमात काय वेगळे होते त्याची टिपणे करावीत, कारण ही आठवण लवकर पुसट होते. ज्यांना जाणे जमले नाही त्यांनाही घरबसल्या हा अभ्यास करता येतो : स्टीली डॅनच्या थेट कार्यक्रमांचे ‘नॉर्थईस्ट कॉरिडॉर’ हे ध्वनिमुद्रण 2021 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्यातले ‘एजा’ हे गाणे आणि 1977 च्या अल्बममधले तेच गाणे एकापाठोपाठ लावावीत, आणि आधी फक्त ड्रम, मग फक्त सॅक्सोफोन, अशी दोनदा ऐकावीत.