शब्दकोड्याचा एक कोपरा अजिबात सुटत नसेल तर (माझा अनुभव)

लक्षण असे: बाकी कोडे भरलेले, पण एका कोपऱ्यातले दोन उभे शब्द काही केल्या येत नाहीत. शब्दकोश चाळला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, व्यर्थ. फार चिडचिड झाली.

चूक त्या उभ्या शब्दांत नव्हतीच. आडव्या शब्दासाठी दिलेला संकेत होता ‘कमळ’, उत्तर तीन अक्षरी. मी ‘पंकज’ लिहिले होते आणि शेवटचा ‘ज’ उभ्या ‘जहाज’शी जुळल्याने ते पक्के मानले होते. पण सरोज, नीरज, अंबुज यांच्याही शेवटी ‘ज’च येतो!

मग हे या क्रमाने केले. आधी ‘पंकज’ खोडले, फक्त ‘ज’ ठेवला. समासात तीन अक्षरी सगळे समानार्थी शब्द लिहिले (अनुस्वाराला किंवा जोडाक्षरातल्या अर्ध्या अक्षराला वेगळे घर नसते, हे मोजताना विसरू नका). नंतर प्रत्येकाचे पहिले अक्षर उभ्या ‘नदी’च्या तीन घरांत घालून पाहिले. ‘स’ घातल्यावर ‘सरिता’ बसली. शेवटी दुसरे अक्षर तपासले: दोन अक्षरी ‘आजार’, ‘रो’ने सुरू, म्हणजे ‘रोग’. आडवा शब्द ‘सरोज’.

आता समानार्थी शब्द मी पेन्सिलनेच भरतो, निदान दोन घरे जुळेपर्यंत.