उपवासकाळात धान्य गोळा करताय? या चुका टाळा

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उलटला की वसईतल्या चर्चमध्ये मिस्सेच्या (प्रार्थनाविधीच्या) शेवटी सूचना होते: गरिबांसाठी धान्य आणा, दाराशी टोपली ठेवली आहे. सूचना उत्तमच. पण पुढचे चाळीस दिवस जे चालतं ते पाहून दरवर्षी माझं डोकं फिरतं, कारण चुका त्याच असतात.

सगळा तांदूळ एकाच पिंपात

रोज भात टाकताना एक मूठ बाजूला काढायची, ही पद्धत मला फार आवडते. मिझोरामच्या चर्चमधल्या बायका १९१० पासून ती पाळत आल्या आहेत. मूठ ५० ग्रॅमची धरली तरी ४० दिवसांत घरटी २ किलो तांदूळ होतो. घोळ होतो तो पुढे.

शेजारच्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) उत्साही पोरांनी हॉलमध्ये निळं पिंप ठेवलं आणि आलेली प्रत्येक पिशवी त्यात रिकामी केली. कोलम, उकडा, बासमतीचा तुकडा, रेशनचा जाडा, सगळं एकत्र. वेगवेगळं ठेवा म्हटलं तर उत्तर मिळालं, "अंकल, टाइम कुठाय?" पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, झाकण काढलं तर तांदूळ चालत होता! कोणाच्या तरी जुन्या पिशवीतून पोरकिडे आले होते आणि त्यांनी सगळं पिंप ताब्यात घेतलं होतं. वेळ नसलेल्या पोरांचं काम मग महिला मंडळानं केलं. ऊन, चाळण, सूप, अख्खा बुधवार त्यात गेला.

तरी तो तांदूळ वीटभट्टीवर वाटलाच. नंतर मी तिथं गेलो तेव्हा एका बाईनं टोपावरचं झाकण उचलून दाखवलं. कोलमची पेज झाली होती आणि उकड्याचे दाणे खड्यासारखे तसेच. "दादा, ह्यात पाणी किती घालायचं?" तिनं विचारलं. पोरांना बोलावून हा प्रश्न ऐकवायला हवा होता.

त्यात बोरिक पावडरचं वेगळंच. आपल्याकडे साठवणीच्या तांदळाला बोरिक चोळतात आणि शिजवण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुतात. घरातल्या बाईला हे माहीत असतं. पिंपातून घेणाऱ्या बाईला कोण सांगणार? आणि भट्टीवर तीनदा धुवायला पाणी तरी कुठून आणायचं? म्हणून बोरिक लावलेलं धान्य मी घेतच नाही. काही मावश्या रागावतात. रागावू देत. बाकी तांदूळ ज्या पिशवीत आला त्याच पिशवीत राहतो, वर पेनानं जात लिहितो, कोलम किंवा उकडा. एवढंच.

न विचारता गोळा करणं

सगळे तांदूळच आणतात. अरे, आदिवासी पाड्यावर तांदूळ असतो! अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, आणि २०२३ पासून तेही फुकट. पाड्यावर तुटवडा असतो तो तेल, डाळ, मिरची, मीठ आणि साबणाचा. भट्टीवर मात्र उलटं चित्र दिसतं. जव्हार-मोखाड्याहून आलेल्या कुटुंबाचं रेशनकार्ड अनेकदा गावीच राहिलेलं असतं, हातात आठवड्याची खर्ची तेवढी, आणि ती दुकानदाराकडेच संपते. तिथं तांदूळ हवाच. म्हणजे एकाच गावात दोन ठिकाणी दोन वेगळ्या पिशव्या लागतात, आणि हे चर्चच्या पायरीवर उभं राहून कळत नाही. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचे सभासद दोघादोघांनी घरी जाऊन भेटतात, त्यामागे कारण आहे. मी आधी चुलीपाशी बसून येतो आणि मगच फादरांना यादी देतो.

यादीत राजमा आणि छोले कधीच नसतात. मॉलमधून चकचकीत पाकीट आणणाऱ्यानं तीन दगडांच्या चुलीवर, कुकरशिवाय, एकदा राजमा शिजवून दाखवावा. मसूरडाळ द्या. लवकर शिजते, लाकूड वाचतं.

बारीकसारीक

तारीख उलटलेली पाकिटं: घर आवरायचं असेल तर भंगारवाला बोलवा.

पीठ: मार्च-एप्रिलच्या उकाड्यात देऊ नका, जाळी धरते.

सुटं तेल: फुटकी बाटली अख्ख्या पिशवीचं वाटोळं करते. सीलबंदच घ्या.

पत्रकं, प्रार्थनेची कार्डं: पिशवीत घालू नका. शेजारी उपाशी आहे, त्याचा धर्म विचारायचं काम आपलं नाही.

फोटो: राखेच्या बुधवारी मत्तयचा सहावा अध्याय वाचतात, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये. महिन्याभरानं तेच लोक पाच किलोच्या पिशवीला सातजण हात लावून उभे! मी मोबाइल खिशात ठेवायला सांगतो आणि वाईट होतो.

शेवटच्या आठवड्याची घाई

झावळ्यांच्या रविवारपर्यंत (ईस्टरच्या आधीचा रविवार) टोपली अर्धी रिकामी, मग गुरुवारी आणि शुक्रवारी पिशव्यांचा ढीग. तेव्हा पाय धुण्याचा विधी, क्रूसाची वाट, गायनाचा सराव, प्रत्येकाला कामं असतात. ढीग हॉलमध्ये पडून राहतो आणि उंदरांचा ईस्टर साजरा होतो. माझ्याकडे झावळ्यांच्या रविवारी संकलन बंद, सोमवारी आणि मंगळवारी वाटप. त्यानंतर पिशवी घेऊन येणाऱ्याला सांगतो, घरीच ठेवा आणि जूनमध्ये आणा. पावसाआधी भट्ट्या बंद होतात, खर्ची थांबते आणि शेतातलं काम अजून सुरू झालेलं नसतं. तेव्हा मात्र कोणी सूचना करत नाही, म्हणून नावं आणि फोन नंबर मी आत्ताच वहीत लिहून घेतो.