झाकणांच्या शीटची शोरूम: गिऱ्हाइकाला हात लावू द्या, ओरखडेही काढू द्या

बाटल्यांची झाकणं वितळवून केलेल्या शीटला गिऱ्हाईक आधी बोट लावून बघतं आणि मग विचारतं, "हे खरंच भंगारातलं आहे?" तीनशे चौरस फुटांचा गाळा या प्रश्नाच्या उत्तरासाठी भरपूर झाला. टचस्क्रीनवर पैसे घालू नका. व्हिडिओ तो घरी मोबाइलवर बघेलच.

दाराजवळ 75 सेंमी उंच, भक्कम टेबलावर 25–30 लिटरची काचेची टाकी ठेवा. शेजारी दोन वाट्या: एकीत झाकणांचे नखाएवढे तुकडे, दुसरीत बाटलीच्या अंगाचे. गिऱ्हाइकानं दोन्ही पाण्यात टाकायचे. पाण्याची घनता 1. झाकण एचडीपीई किंवा पीपी या प्लास्टिकांचं, घनता 1 च्या आत, म्हणून तरंगतं. बाटली पेट (PET) या प्लास्टिकची, घनता 1.38 च्या आसपास, ती तळाला जाते. रिसायकलिंगच्या कारखान्यातही हे दोन्ही असेच वेगळे करतात. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. पेटच्या तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटले की तोही तरंगतो. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. दुसरं म्हणजे पारदर्शक पेट पाण्यात दिसतच नाही, म्हणून हिरव्या बाटल्या कापा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. आठवडाभर साचलं तर डासांच्या अळ्या होतात. टाकीजवळच्या दिव्यांच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच.

पुढे दोन पारड्यांचा तराजू टांगा. 12 मिमी जाडीचा, एक फूट बाय एक फूट तुकडा साधारण 1 किलो 60 ग्रॅम भरतो. दुसऱ्या बाजूला झाकणं घालत जायचं. पारड्यात ती मावत नाहीत, म्हणून तिथे जाळीची पिशवी अडकवा आणि पिशवीएवढं वजन पहिल्या बाजूलाही घाला. किती झाकणं लागली याचा आकडा नेटवरून उचलू नका, कारण पाण्याच्या बाटलीचं झाकण हलकं, कोल्ड्रिंकचं जड. तुमच्याच पोत्यातली शंभर झाकणं काट्यावर ठेवा आणि त्यावरून हिशेब करा. आख्खी आठ बाय चार शीट 34 किलोच्या आसपास जाते. दोन माणसं लागतील हे तिथेच सांगा.

खरी विक्री होते ती छळाच्या टेबलावर. शीटचे चार तुकडे बोल्टनं घट्ट बसवा. किल्ली, नाणं आणि खरवडायचं पातं दोरीला बांधून ठेवा. ओरखडा काढा, मग पात्यानं खरवडून घालवा. एका तुकड्यावर रात्रभर हळद-तेल ठेवून पडलेला डाग दाखवा, दुसऱ्यावर तापलेली कढई टेकवून झालेला खड्डा. (कढई वर्कशॉपमध्येच टेकवा, हवा खेळती असू द्या.) एचडीपीई 130 अंशांच्या आसपास वितळतं. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ही शीट विकूच नये, असं आमचं मत. तिसऱ्या तुकड्यावर लाकडाच्या फेव्हिकॉलनं पट्टी चिकटवा आणि ओढायला सांगा. हातात येते. या प्लास्टिकला गोंद धरत नाही, स्क्रूच लागतो.

भिंतीवर लावलेली शीट मे महिन्यात फुगते. 20 अंशांचा फरक पडला तर 2.4 मीटर लांबीत अर्धा ते एक सेंमी वाढ होते. म्हणून मधलं एकच भोक घट्ट ठेवा, बाकीची शीटच्या लांबीच्या दिशेनं लांबट करा, आणि दोन्ही टोकांना 5–6 मिमी फट सोडा. एका टोकाशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करून तापमान लिहा. शीट सरकलेली गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसते. उन्हाच्या खिडकीत एक तुकडा अर्धा फॉइलनं झाकून ठेवा, रंग किती उडतो ते कळेल.

फलकावर "पर्यावरणपूरक" एवढंच लिहू नका. केंद्र सरकारच्या 2024 च्या ग्रीनवॉशिंगविरोधी (पर्यावरणाच्या नावानं दिशाभूल करण्याविरुद्धच्या) मार्गदर्शक सूचनांनुसार अशा दाव्याला पुरावा आणि खुलासा लागतो. "92 टक्के झाकणं, बाकी नवा प्लास्टिक दाणा आणि रंग" असं, आपला जो खरा आकडा असेल तो लिहा आणि भंगारवाल्याच्या वजनाच्या पावत्या काउंटरवर फाइलमध्ये ठेवा.

नमुने 10 बाय 10 सेंमीचे करा, एक कड कापलेली तशीच आणि एक घासलेली. मागे बॅच क्रमांक कोरा. प्रत्येक घाण्याचा रंग वेगळा येतो, आणि सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. "नमुन्यापेक्षा रंग वेगळा येईल" ही ओळ ऑर्डर फॉर्मवर सहीच्या वर छापा.