अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतोय? आधी शून्याची तार बघा

अप्पांचे आठ ओहमचे दोन जुने स्पीकर माळ्यावर पडून होते. त्यांच्यासाठी मी अ‍ॅम्प्लिफायर बांधला. सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतलं: दोन एलएम १८७५ आयसी (आवाजाचा सिग्नल मोठा करणाऱ्या चिप), १२-०-१२ व्होल्ट तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन कंडेन्सर आणि आयसीची उष्णता ओढून घेणारं तळहाताएवढं पंखांचं हीटसिंक. टीडीए २०३० स्वस्त मिळतो, पायही त्याच क्रमाने आहेत, पण तो प्लस-मायनस १८ व्होल्टच्या वर चालवायचा नाही. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर लोड नसला आणि रात्री मेन्स, म्हणजे घरचा वीजपुरवठा, २४०वर चढला, की डीसी १८ ओलांडतो. एलएम १८७५ ला प्लस आणि मायनस या टोकांमध्ये ६० व्होल्टपर्यंत चालतं. थोडे पैसे वाचवायला जाऊ नका.

सर्किट छोटं आहे. सिग्नल २.२ मायक्रोफॅरडमधून १ नंबरच्या पायावर. तिथून २२ के (किलोओहम) शून्याला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेच्या ग्राउंडला. ४ वरून २ वर २० के; २ वरून १ के आणि २२ मायक्रोफॅरड एकापाठोपाठ शून्याला. गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो ते, झाला २१. हा आयसी दहाच्या खालच्या गेनवर स्थिर राहत नाही, म्हणून या रेझिस्टरचे ओहम मनाने बदलू नका. ४ वरून शून्याला एक ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड. ३ म्हणजे मायनस, ५ म्हणजे प्लस.

आयसीची पाठ आतून ३ नंबरला, म्हणजे मायनसला जोडलेली असते. तिच्याखाली अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश हवंच, नाहीतर हीटसिंक पेटीला टेकलं की मायनस शॉर्ट. स्क्रू आवळल्यावर पाठ आणि हीटसिंक यांच्यात मल्टिमीटर लावा. बीप वाजता कामा नये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिल्यांदा जोडला तेव्हा दोन्ही स्पीकर घुरघुरत होते, आवाजाचं बटण शून्यावर असतानाही. मी पेटीत एक तांब्याची तार आडवी टाकली होती आणि शून्याच्या सगळ्या तारा जिथे जागा मिळेल तिथे तिच्यावर सोल्डर केल्या होत्या. ट्रान्सफॉर्मरची मधली तार एका टोकाला, कंडेन्सर दुसऱ्या टोकाला, इनपुटचं शून्य मध्ये. दिसायला नीटनेटकं. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून त्याच तारेच्या दोन टोकांना लावला, तर तीन मिलिव्होल्ट! एका तारेची दोन टोकं, आणि तरी त्यांच्यात व्होल्टेज.

कारण असं की कंडेन्सर सतत भरत नाहीत. लाटेच्या माथ्याशी, सेकंदाला शंभर वेळा, ते एकदम करंट ओढतात आणि त्या झटक्याचा काही भाग मधल्या तारेतून जातो. दहा सेंटिमीटर बारीक तारेचा रोध नऊ-दहा मिलिओहम असतो. एक अँपिअरच्या झटक्याला तेवढेच मिलिव्होल्ट पडतात. इनपुटचं शून्य त्या तारेवर बसलं, की अ‍ॅम्प्लिफायर ते गाणं समजून २१ पट करतो.

उपाय सोल्डरचा आहे, नवा पार्ट लागत नाही. दोन्ही कंडेन्सर अगदी शेजारी ठेवा, त्यांचा सांधा जाड आणि आखूड करा, ट्रान्सफॉर्मरची मधली तार तिथेच द्या. त्या सांध्यातून एक बोटभर जाड तार बाहेर काढा आणि तिच्या टोकाला बाकीचं सगळं शून्य जोडा. स्पीकरची परतीची तार तिथे स्वतंत्र. २२ के, २२ मायक्रोफॅरड आणि इनपुटच्या वायरवरची जाळी यांचं शांत शून्य आधी एकत्र करून एकाच तारेने तिथे. एक ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडच्या जोडीचं शून्य आणखी वेगळं. आवाजाच्या बटणाला हात लावल्यावर गुणगुण बदलत असेल, तर त्याच्या पत्र्याच्या खोक्यालाही शांत शून्य द्या.

पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा तारवाला बल्ब फेजमध्ये सिरीजला ठेवा. एलईडी चालणार नाही. बल्ब लख्ख होऊन मंदावला तर ठीक. तसाच जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मेन्सला फ्यूज आणि पत्र्याच्या पेटीला अर्थिंग, यात सूट नाही. स्पीकर जोडण्याआधी ४ नंबर आणि शून्य यांच्यात डीसी मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत हवा. १५-१६ व्होल्ट दिसले तर २० के किंवा शून्याची एखादी तार सुटली आहे, नाहीतर आयसी गेला. तशात स्पीकर लावला तर कॉइल जळेल.

गाणं नसताना हीटसिंक चटका बसेल इतकं तापलं, तर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर डोलतो आहे. अशा वेळी एक ओहमची जोडी तपासा. माझ्या डाव्या चॅनेलचं कारण वेगळं निघालं: ५ नंबर आणि शून्य यांच्यामधला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मी बोर्डच्या कडेला, चार सेंटिमीटर लांब लावला होता. तो काढून बोर्डाच्या खालून थेट पायाला सोल्डर केला. पाच मिनिटांत हीटसिंक कोमट झालं.