पायाभूत इंग्रजी वर्गाचे नियमपत्र कसे वाचावे आणि कसे निभावावे

मुंबईच्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे तास सुरू झाले की पहिल्या काही दिवसांतच इंग्रजीची एक छोटी चाचणी होते आणि तिच्या निकालावरून काही विद्यार्थ्यांची नावे वाचन-लेखनाच्या पायाभूत वर्गासाठी फलकावर लागतात. या वर्गाला कुठे ब्रिज कोर्स म्हणतात, कुठे रेमेडियल, तर कुठे नुसतेच ‘एक्स्ट्रा लेक्चर’. त्याच्या पहिल्या तासाला दोन-तीन पानांचे एक नियमपत्र वाटले जाते आणि बहुतेक जण त्याची घडी घालून ते बॅगेत टाकतात. ते पुन्हा बाहेर निघते ते थेट डिफॉल्टर यादीत, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांच्या यादीत, नाव लागल्यावर. असे वर्ग घेण्यात आणि अशी नियमपत्रे लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि माझे मत असे की हे नियमपत्र म्हणजेच त्या वर्गाचा पहिला उतारा आहे. ज्याला ते नीट वाचता आले, त्याचे सत्रातले निम्मे त्रास तिथेच टळतात.

आधी एका संकोचाविषयी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना पायाभूत वर्गाच्या यादीत नाव दिसले की आपल्यावर ‘कच्चा’ असा शिक्का बसला असे वाटते, आणि त्या भावनेपोटी ती पहिले चार-पाच तास बुडवतात. चाचणी फक्त एवढेच सांगते की त्या दिवशी, त्या उताऱ्यावर, दिलेल्या वेळात तुम्हाला किती लिहिता आले. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत अशा वर्गांना ‘डेव्हलपमेंटल’ म्हणतात आणि त्यांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, सहसा पदवीसाठी धरले जात नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने तर २०१७ साली कायदा करून विद्यार्थ्यांना सरसकट अशा वर्गांत पाठवण्यावर मर्यादा आणली. म्हणून तुमच्या नियमपत्रात पहिल्यांदा हे शोधा, की या वर्गाचे क्रेडिट मिळणार आहेत का, गुण इंटर्नलमध्ये, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनात, धरले जाणार आहेत का, आणि पुन्हा चाचणी देऊन वर्गातून मोकळे होण्याची सोय आहे का. हे लिहिलेले नसेल तर पहिल्याच आठवड्यात विचारा. सर किंवा मॅडम रागावतील अशी भीती बाळगू नका, कारण हा प्रश्न जो विचारतो त्याने पत्र वाचले आहे हे शिक्षकाला लगेच कळते.

नियमपत्र वाचायला पेन्सिल हातात घेऊन बसा आणि आधी फक्त क्रियापदांखाली रेघा ओढा. ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ आले की ती सक्ती समजावी, ‘शुड’ आले की ती अपेक्षा, आणि ‘मे’ आले की ती मुभा. पण ही मुभा कोणाला आहे हे वाक्याचा कर्ता पाहिल्याशिवाय ठरवू नये. ‘विद्यार्थी शब्दकोश वापरू शकतात’ या वाक्यातली मुभा तुमची आहे. ‘शिक्षक विनासूचना चाचणी घेऊ शकतात’ यातली मुभा शिक्षकाची आहे, आणि तुमच्यासाठी तिचा अर्थ ‘तयारीत राहा’ एवढाच होतो.

एक वाक्य जरा जवळून पाहू, कारण जवळजवळ प्रत्येक नियमपत्रात ते या ना त्या रूपात असते: ‘लेट वर्क विल नॉट ऑर्डिनरिली बी ॲक्सेप्टेड अनलेस प्रायर परमिशन हॅज बीन टेकन इन रायटिंग.’ घाईने वाचणारा यातून ‘उशिरा दिलेले घेत नाहीत’ एवढेच उचलतो, एक दिवस उशीर झाला की काही देतच नाही आणि शून्य पदरात पाडून घेतो. वास्तविक या वाक्यात चार गोष्टी आहेत. ‘ऑर्डिनरिली’ म्हणजे एरवी, म्हणजेच अपवाद होऊ शकतो. ‘अनलेस’ने तो अपवाद कोणत्या अटीवर होईल ते सांगितले आहे. ‘प्रायर’ म्हणजे मुदत संपण्यापूर्वी. मुदत उलटल्यावर मागितलेली परवानगी या शब्दात बसत नाही. आणि ‘इन रायटिंग’ म्हणजे लेखी. जिन्यात गाठून ‘मॅडम, उद्या दिले तर चालेल ना?’ असे विचारणे आणि मॅडमनी मान हलवणे, ही लेखी परवानगी नव्हे. एका वाक्याचे असे चार तुकडे करता आले, तर पुढे उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना वेगळे काही करायचे नसते.

चूक लिहिणाऱ्याकडूनही होते. एका वर्षी मी नियमपत्रात ‘परिच्छेद शुक्रवारपर्यंत द्यावा’ असे लिहिले. काहींनी गुरुवारची रात्र धरली, काहींनी शुक्रवारी रात्रीचे बारा धरले, आणि माझ्या मनात मात्र शुक्रवारचा पहिला तास होता. तेव्हापासून मी तारीख, वेळ आणि कुठे द्यायचे हे तिन्ही लिहिते. तुमच्या पत्रात यातले एखादे नसेल, तर वर्गप्रतिनिधीमार्फत ते सगळ्यांसाठी स्पष्ट करून घ्यावे.

मुदतवाढ मागण्याचा ईमेल कसा असावा, हेही इथेच सांगते. विषयाच्या ओळीत काम, मागणी आणि रोल नंबर येऊ द्या: ‘परिच्छेद-लेखन २ : एक दिवसाच्या मुदतवाढीची विनंती : रोल नं. ११४’. मजकूर तीन वाक्यांचा पुरे: ‘मॅडम, उद्याच्या पहिल्या तासाला द्यायचा परिच्छेद माझ्याकडून पूर्ण झालेला नाही, कारण घरी आजारपण असल्याने मी दोन दिवस रुग्णालयात होते. कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. परवा सकाळी नऊपर्यंत पक्का मसुदा देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.’ कच्चा मसुदा जोडलेला असला की कारण खरे की खोटे यावर कोणी फार वेळ घालवत नाही. ईमेल इंग्रजीत लिहिण्याचा प्रयत्न करा. त्यातल्या चुकांचे गुण कोणी कापत नाही.

हजेरीचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडून ठेवावा. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत किमान ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि पायाभूत वर्गालाही महाविद्यालये बहुधा तीच लावतात. एका क्रेडिटला शिकवण्याचे १५ तास धरले, तर दोन क्रेडिटच्या वर्गाचे ३० तास होतात. त्यांतले २३ भरले तर तुम्ही सुरक्षित राहता आणि २२ भरले तर डिफॉल्टर यादीत जाता. म्हणजे चुकवता येतील असे तास फक्त ७. जुलै-ऑगस्टमध्ये हार्बर मार्गावर पाणी साचून गाड्या बंद पडल्या की त्यांतले दोन-तीन आपोआप जातात. गणपतीला कोकणात जाऊन कॉलेजच्या सुट्टीपेक्षा चार दिवस जास्त राहिलात की आणखी दोन जातात. उरलेले दोन-तीन आजारपणासाठी राखून ठेवावेत. कट्ट्यावरच्या चहासाठी ते खर्चू नयेत. हजेरीत सूट देण्याचा अधिकार सहसा वर्गशिक्षकाचा नसतो, तो प्राचार्यांचा किंवा हजेरी समितीचा असतो. म्हणून डॉक्टरांचे प्रमाणपत्र आजारातून उठल्याबरोबर कार्यालयात देऊन पोच घ्यावी. प्रॉक्सीबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने हजेरी देण्याबद्दल, एवढेच सांगते, की वीस-पंचवीस जणांच्या वर्गात कोणता आवाज कोणाचा आहे हे शिक्षकाला दुसऱ्या आठवड्यातच ओळखू येते.

‘उतारा वाचून यावे’ या अपेक्षेचा अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो, कारण शाळेत उतारा शिक्षकच वाचून दाखवत आणि त्याचा अर्थही तेच सांगत. इथे तो आधी वाचून आणायचा असतो. शाळेतल्या सवयीने प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहू नका. असे केले की डोळे वरची ओळ वाचतात आणि खालचे वाक्य डोक्यात शिरतच नाही. पहिल्या वाचनात न थांबता शेवटापर्यंत जा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी एक ओळ लिहा, आणि ती मराठीत लिहिली तरी हरकत नाही. त्यानंतर ज्या शब्दांवाचून वाक्य अडते, तेवढेच शब्दकोशात पाहा. दोन पानांच्या उताऱ्यात असे शब्द आठ-दहाच्या वर सहसा निघत नाहीत.

हे करायला जागा लागते, आणि मुंबईत प्रश्न जागेचाच असतो. सकाळच्या विरार लोकलमध्ये पुस्तक उघडता येत नाही, आणि दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, शिवणयंत्र आणि धाकटी भावंडे यांच्यात बसून परभाषा वाचणे किती अवघड असते, हे मी विद्यार्थ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. वस्तीतली अभ्यासिका, महाविद्यालयाचे वाचनालय आणि मोठी सार्वजनिक ग्रंथालये यांचा त्यासाठी उपयोग करावा. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे आहे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुने, १८९३ सालचे. घरी परतण्याआधी आठवड्यातून दोनदा तासभर अशा ठिकाणी बसलात, तरी वर्गाची ही अपेक्षा पूर्ण होते.

लेखनाच्या भागात नियमपत्र बहुधा मसुद्यांविषयी बोलते: पहिला मसुदा, शिक्षकांचे शेरे, दुसरा मसुदा, आणि गुण दुसऱ्यावर. पहिला मसुदा लाल शाईने भरून आला म्हणून खचू नका, आणि शेरे जिथे आहेत तेवढेच शब्द बदलून तो परतही देऊ नका. चुकांची एक वेगळी वही करा. मराठी माणसाच्या इंग्रजी चुका मनमानी नसतात, त्या मराठीच्याच घडणीतून येतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, म्हणून वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामांना कॅपिटल राहून जाते. मराठीत ‘अ’, ‘अन’, ‘द’ असे काही नाही, म्हणून ते गळते. ‘काल बाजारात गेले’ हे मराठी वाक्य पूर्ण आहे, कारण कोण गेले हे ‘गेले’ या रूपावरून आणि संदर्भावरून कळते. पण त्याच सवयीने लिहिलेले ‘वेंट टू द मार्केट यस्टर्डे’ अपुरे राहते, कारण इंग्रजीत ‘आय’ लिहावाच लागतो. वहीत प्रत्येक चुकीखाली असे मूळ मराठी वाक्य लिहून ठेवलेत, तर महिन्याभरात दिसेल की तुमच्या चुका पन्नास नाहीत, चार-पाच प्रकारांच्याच आहेत. एका मसुद्यात दोनच प्रकार धरून दुरुस्त करावेत. सगळ्या चुका एकाच वेळी सुधारायला गेलेली मुले शेवटी तीन-तीन शब्दांची वाक्ये लिहू लागतात, आणि तो तोटा चुकांपेक्षा मोठा आहे.

नक्कल करण्याविषयीचा परिच्छेद नीट वाचा, कारण त्याबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे कोणीतरी कुठेतरी वाचलेले असते आणि मग ‘दहा टक्के चालते’ अशी बोलवा होते. दंडाच्या त्या पायऱ्या संशोधन-प्रबंधांसारख्या लेखनासाठी आहेत, आणि दीडशे शब्दांच्या परिच्छेदात दहा टक्के म्हणजे पंधरा शब्द, म्हणजे एक अख्खे वाक्य. वर्गात एक वाक्यही दुसऱ्याचे असेल तर ते अवतरणचिन्हांत हवे आणि कोणाचे आहे ते सांगितलेले हवे. गाइडमधून, सीनियरच्या झेरॉक्सवरून किंवा चॅटजीपीटीकडून आलेला परिच्छेद एकाच मापाने मोजला जातो. भाषांतराचे ॲप किंवा चॅटजीपीटी वापरायला परवानगी आहे का, असल्यास कुठल्या टप्प्यावर, हे पत्रात नसेल तर लेखी विचारून घ्या, आणि वापरले असेल तर परिच्छेदाखाली तसे एका ओळीत लिहा. कच्चे मसुदे फेकू नका. संशय आला तर तेच तुमच्या बाजूने बोलतात.

ज्यांना वाचताना अक्षरे उलटसुलट दिसतात, किंवा दहावीला अध्ययन-अक्षमतेची सवलत मिळाली होती, त्यांनी ते लपवू नये. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र परीक्षा विभागात सत्राच्या सुरुवातीलाच द्यावे; नसेल तर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात तपासणी होते, पण तिला वेळ लागत असल्याने परीक्षा तोंडावर येईपर्यंत थांबू नये.

मोबाइल, आयडी कार्ड, उशिरा वर्गात येणे यांचे नियम सगळीकडे सारखेच असतात आणि ते समजायला कोणाची मदत लागत नाही. फोनवरचा शब्दकोश चालतो का, एवढे मात्र विचारून घ्यावे.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात नियमपत्र पुन्हा काढा. दिलेल्या प्रत्येक कामासमोर तारीख आणि मिळालेले गुण लिहा, हजेरीचा आकडा शिक्षकांच्या आकड्याशी ताडून पाहा, आणि फरक असेल तर गुण विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी सांगा, कारण त्यानंतर दुरुस्तीसाठी कार्यालयाच्या खिडकीपुढे बरेच दिवस उभे राहावे लागते. तपासलेले मसुदे आणि नियमपत्राची एक झेरॉक्स निकाल हातात येईपर्यंत फाइलमध्येच राहू द्यावी.