साउथ फोर्कच्या काठावर सोनं शोधायला जाताना

पॅन (वाळू धुऊन सोनं वेगळं करायचं पसरट भांडं), जुने बूट, डबा हे आदल्या रात्री भरून होतं. नदी वाचायची तयारी मात्र त्याआधी करावी. कॅलिफोर्नियातल्या साउथ फोर्क अमेरिकन नदीचा कोलोमा गावाजवळचा उपग्रह नकाशा उघडून वळणं नीट बघून ठेवा. 24 जानेवारी 1848 रोजी जेम्स मार्शलला सटरच्या लाकूड-गिरणीच्या चरात सोन्याचे कण दिसले ते इथेच. त्यानंतर हा काठ इतक्या हातांनी उपसलाय की खड्याएवढा तुकडा मिळेल ही आशा घरीच ठेवा. कण मात्र मिळतात.

नियमही घरीच वाचा. कोलोमाच्या सरकारी उद्यानात फक्त हात आणि पॅन चालतात, तेही नेमून दिलेल्या काठावर. त्यामुळे फावडं गाडीत टाकूच नका.

पोचल्यावर लगेच पॅन भिजवायची घाई नको. आधी नदी बघा, आणि तीही पुरात कशी असेल ते डोळ्यांपुढे आणून. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, नेहमीच्या वाळूच्या सातपट. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या बापाला ते हलणार नाही. ते पुरात सरकतं आणि ओढ कमी झाली की बसतं. फांद्यांत अडकलेला पालापाचोळा किती उंचावर आहे ते पाहा, पूर तिथवर चढला होता. पुराचं पाणी वळणं कापून जवळच्या वाटेने धावतं, म्हणून एका वळणाच्या आतल्या अंगापासून पुढच्या वळणाच्या आतल्या अंगापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढा आणि त्या रेघेवरच शोधा. रेतीच्या पट्ट्याचं वरचं टोक आधी धरा; खालच्या टोकाला बहुधा नुसती बारीक वाळू असते. मोठ्या धोंड्याची प्रवाहाकडे पाठ असलेली बाजूही सोडू नका.

माझा कौल मात्र उघड्या खडकाला. प्रवाहाला आडव्या गेलेल्या भेगा पाहा. वरची सैल वाळू बाजूला केली की तळाशी गच्च बसलेला गाळ लागतो. त्यात गंजका खिळा, शिशाचा छर्रा, काळी वाळू निघाली तर खूश व्हा: जड ते तिथे थांबतंय. तो गाळ बोटांनी खरवडून शेवटच्या चिमटीपर्यंत पॅनमध्ये घ्या.

पॅन प्लॅस्टिकचं, काळं किंवा हिरवं. त्यावर पिवळा कण पटकन दिसतो. हलवायचं कसं ते तांदूळ रोळणाऱ्या आजीला विचारा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर पिठासारखं बारीक सोनं तरंगून निघून जातं. काळी वाळू ओढायला लोहचुंबक हवं, पण वाळू वाळल्यावर आणि चुंबक पिशवीत गुंडाळून. चमकणारा कण सावलीत धरून बघा. अभ्रक विझतं, सोनं पिवळंच राहतं.

वरच्या धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते, म्हणून मुलांना खडकांच्या मध्ये बसवू नका. तीन-तीन पानांचं, अंगाला खाज आणणारं पॉइझन ओक ओळखायला शिका, आणि खडकाच्या कपारीत न बघता हात घालू नका, रॅटलस्नेक हे विषारी साप असतात. जुन्या खाणकामातला पाराही अजून गाळात आहे. चांदीसारखा लेप असलेला कण सापडला तर तो घरी तापवायचा नाही, पाऱ्याची वाफ विषारी असते.